जालाश्रयी क्षेत्रकार्य आणि निवेदकाचे नाव : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात गुणात्मक संशोधनाचे काही नैतिक व तांत्रिक प्रश्न

लोकसाहित्य, बोली आणि अनुभवकथन ही मराठी विभागांतील संशोधनाची तीन क्षेत्रे अशी आहेत, की त्यांची मूळ साधने ग्रंथालयात सापडत नाहीत. ती माणसांजवळ असतात. ओवी गाणारी स्त्री, बोली बोलणारा शेतकरी, आपल्या आयुष्याची हकिकत सांगणारी शेतमजूर बाई यांच्याशी संवाद साधल्याशिवाय या क्षेत्रांत एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. किती जणांनी काय सांगितले हे मोजण्यापेक्षा, जे सांगितले त्याचा सांगणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय, हे समजून घेणे या संशोधनाचे उद्दिष्ट असते. म्हणूनच त्याला गुणात्मक संशोधन म्हटले जाते. या पद्धतीत संशोधक आणि निवेदक यांच्यातील विश्वास हेच प्रमुख साधन होय. हा विश्वास अंगणात समोरासमोर बसून निर्माण होत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि क्षेत्रकार्य दूरध्वनीवर, दृक्‌श्राव्य संभाषणावर आणि व्हॉट्सॲपच्या समूहांवर येऊन ठेपले. टाळेबंदी संपली, तथापि ही रीत मागे राहिली. ती सोयीची आहे, कमी खर्चाची आहे, आणि दूरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यावाचून दुसरा मार्गही पुष्कळदा नसतो. म्हणून तिचा सरसकट निषेध करण्यात अर्थ नाही. तिच्यातून उद्भवणारे प्रश्न नेमके कोणते आहेत, याची छाननी मात्र आवश्यक आहे.

या छाननीसाठी यवतमाळ जिल्हा हे उचित क्षेत्र आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार होती. वऱ्हाडी बोली, पुसद–दिग्रस भागातील तांड्यांवरची बंजारा समाजाची गोरमाटी, पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी जामणी या भागातील गोंडी व कोलामी, आणि सीमेलगत ऐकू येणारी तेलुगू असा हा बहुभाषिक प्रदेश आहे. दुसऱ्या बाजूने, शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा गेली दोन दशके पत्रकार, समाजशास्त्रज्ञ, शासकीय समित्या आणि विद्यापीठीय संशोधक यांच्या सततच्या पाहणीखाली राहिलेला आहे. म्हणजे ज्या आवाजांचे जतन व्हावे असे वाटते आणि ज्या दुःखांचे रक्षण व्हावे असे वाटते, ते दोन्ही येथे एकाच परिसरात, किंबहुना अनेकदा एकाच घरात, नांदत असतात.

१. नाव लपवावे की सांगावे?

संशोधननीतीची पाठ्यपुस्तके निवेदकाचे नाव गुप्त ठेवण्याचा नियम सांगतात. हा नियम प्रामुख्याने वैद्यकीय संशोधनातून आला. १९६४चे हेलसिंकी घोषणापत्र आणि १९७९चा अमेरिकेतील बेल्मॉन्ट अहवाल यांनी संमती, हानी टाळणे आणि न्याय ही तत्त्वे रूढ केली. आपल्याकडे मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे सिद्ध झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची तत्त्वेही उपलब्ध आहेत. या सर्वांत निवेदकाची ओळख राखणे हे संशोधकाचे कर्तव्य मानले आहे.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला मात्र या नियमाची दुसरी बाजू ठाऊक असते. मराठीतील ओव्यांचे जुने संग्रह पाहिले तर हजारो ओव्या ‘स्त्रियांच्या’ म्हणून नोंदविलेल्या दिसतात. त्या गाणारी कोण, कोणत्या गावची, हे बहुतेक ठिकाणी आढळत नाही. येथे नाव नसणे हे संरक्षण नव्हते. तो विसर होता. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाने या विसरावर उपाय केला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या आणि गाणाऱ्या स्त्रियांची व गावांची नोंद ठेवली. २०१७पासून ‘पारी’ या जालीय संग्रहाने हे धन टप्प्याटप्प्याने प्रकाशित करण्यास आरंभ केला. गायिकांच्या नावांसह, आवाजासह, कित्येकदा त्यांना पुन्हा भेटून घेतलेल्या छायाचित्रांसह ओव्या वाचकांसमोर आल्या. येथे नाव देणे हाच न्याय होय.

याच्या उलट स्थिती आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरात असते. २००६पासूनच्या शासकीय नियमांनुसार एक लाख रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी मृत्यूचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवीत आली. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा यांची छाननी त्यात होते. अशा घरातील स्त्री संशोधकाला जे सांगते त्यात सावकाराचे नाव असू शकते, नवऱ्याचे व्यसन असू शकते, सासरच्यांशी चाललेला जमिनीचा वाद असू शकतो. हे निवेदन तिच्या नावागावासह प्रकट झाले, तर त्याचा उपयोग तिच्याच विरुद्ध होण्याची शक्यता राहते. येथे नाव लपविणे हाच न्याय होय.

तथापि हा भेदही अंतिम नाही. यवतमाळ येथे ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी केले. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या या स्त्रीने त्यापूर्वी श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाट्यप्रयोगातही काम केले होते. संमेलनाच्या व्यासपीठावरून त्या स्वतःच्या नावाने बोलल्या आणि त्यांचे बोलणे समाजमाध्यमांतून सर्वदूर पोहोचले. अशा व्यक्तीला संशोधकाने ‘निवेदक क्रमांक ७’ असे संबोधणे हे तिने मिळविलेला आवाज पुन्हा काढून घेण्यासारखे ठरेल. म्हणजे नाव द्यावे की न द्यावे, हे निवेदनाच्या विषयावरून आपोआप ठरत नाही. ते ठरविण्याचा अधिकार निवेदकाचा आहे. एकच स्त्री ओवीपुरते आपले नाव छापून यावे असे म्हणेल आणि हकिकतीपुरते ते लपवावे असेही म्हणेल. संशोधकाने तिला हा निर्णय स्वतंत्रपणे, प्रत्येक निवेदनागणिक, घेऊ दिला पाहिजे.

आंतरजालाने या जुन्या प्रश्नात जी नवी भर घातली आहे ती अशी की, घेतलेला निर्णय मागे घेणे आता जवळजवळ अशक्य झाले आहे. छापील लेखातील नाव काही शेकडा वाचकांपुरते असे. जालावर एकदा गेलेले नाव, छायाचित्र किंवा आवाज कोणी उतरवून घेतला, पुढे कोठे पाठविला, याचा माग राहत नाही. काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राकडून करविता येते, ही अलीकडची गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे आवाज हीसुद्धा ओळखच आहे, हे पटावे.

२. चावडी, ओसरी आणि माजघर

जालावरील मजकूर सार्वजनिक मानावा की खाजगी, हा दुसरा प्रश्न. ‘जे सर्वांना दिसते ते सर्वांचे’ असे उत्तर सहज दिले जाते. मराठी गावाच्या रचनेत मात्र यापेक्षा सूक्ष्म व्यवस्था होती. चावडीवरचे बोलणे गावाचे. माजघरातले बोलणे घराचे. आणि दोहोंच्या मध्ये ओसरी. ओसरीवरचे बोलणे येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानी पडते, पण ते त्याच्यासाठी नसते. ओसरीवर बसलेल्यांना समोर कोण बसले आहे हे दिसत असते आणि त्या बेताने ते बोलतात.

एखाद्याने स्वतःच्या नावाने फेसबुकवर सर्वांसाठी खुली ठेवलेली वऱ्हाडी कविता चावडीवरची म्हणता येईल. तिचे अवतरण कवीच्या नावासह देणे हा वाङ्मयीन शिष्टाचारच होय. गावातील शेतकऱ्यांचा, महिला बचत गटाचा किंवा समाजबांधवांचा व्हॉट्सॲप समूह मात्र ओसरी आहे. अशा समूहाची सदस्यसंख्या हजाराच्या घरात जाऊ शकते, म्हणून तो सार्वजनिक होत नाही. समूहात शिरून, आपण संशोधक आहोत हे न सांगता, महिनोन्‌महिने संभाषण टिपत राहणे म्हणजे ओसरीच्या खांबाआड उभे राहून ऐकणेच होय. समूहचालकाची परवानगी घेतली की काम भागले, असे समजणेही चुकीचे आहे. ओसरी कोणाच्या घराची हे तो सांगू शकतो. बोलणाऱ्यांच्या शब्दांवर त्याचा अधिकार नसतो.

जालीय संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२, २०१२ आणि २०१९ अशी तीनदा मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एकच नियम सर्वत्र न लावता, बोलणाऱ्याची त्या ठिकाणी कोणती अपेक्षा होती हे प्रत्येक संदर्भात पाहावे, असा त्यांचा रोख आहे. ही दृष्टी दुर्लक्षिल्याने काय होते याचे उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला फेसबुकचा भावनासंक्रमणविषयक प्रयोग. त्यात ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरात हेतुतः फेरफार करण्यात आला होता. नोंदणीच्या वेळी मान्य केलेल्या अटींतच त्यांची संमती गृहीत धरली गेली आणि त्यावर जगभर टीका झाली. अटींवर टिचकी मारणे आणि संमती देणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्या वादाचा बोध.

यवतमाळच्या संदर्भात संमतीचा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो. घरात एकच मोबाईल असतो, आणि तो बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. संशोधकाला आलेले ‘हो, चालेल’ हे उत्तर कोणी टंकलिखित केले, हे त्याला कळत नाही. संभाषण सुरू असताना फोन स्पीकरवर आहे का, बाजूला कोण बसले आहे, हेही कळत नाही. अशा वेळी सावकाराविषयी किंवा सासूविषयी प्रश्न विचारणे हेच मुळी धोक्याचे असते. म्हणून संमती लेखी नमुन्यावर एकदाच घेण्याऐवजी तोंडी, निवेदकाच्या बोलीत, आणि संभाषणाच्या प्रत्येक टप्प्यावर घेतली पाहिजे. कोलामी भाषकाची संमती कोलामीत समजावून घेणे हे सौजन्य नसून संमतीच्या वैधतेचीच अट आहे.

३. टोपणनावाचे अपुरेपण

नाव बदलले की ओळख लपली, ही समजूत छापील युगात बऱ्याच अंशी खरी होती. आता ती खरी राहिलेली नाही. जालावरील मजकुरातील एखादे वाक्य शब्दशः उद्धृत केले, की ते वाक्य शोधयंत्रात टाकून मूळ लेखकापर्यंत काही क्षणांत पोहोचता येते. वऱ्हाडीसारख्या बोलीतील वाक्य तर प्रमाण भाषेतील वाक्यापेक्षा अधिक विरळ, म्हणून अधिक सहज सापडणारे. बोलीच्या अभ्यासकाला शब्दशः अवतरण सोडता येत नाही, आणि शब्दशः अवतरण देताच गुप्तता संपते. हा पेच खरा आहे. त्यावर एकच प्रामाणिक तोडगा दिसतो : जे वाक्य ओळखीसह द्यावयाचे त्याची परवानगी घ्यावी, परवानगी नसेल तर तेच भाषिक रूप दाखविणारे दुसरे, निरुपद्रवी उदाहरण शोधावे.

दुसरी अडचण लहान समाजाची. कोलाम समाजाची वस्ती ‘पोड’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचा समावेश होतो. ‘झरी जामणी तालुक्यातील एका पोडावरील, दोन मुली असलेली, अंगणवाडीत काम करणारी विधवा’ एवढे वर्णन मुंबईच्या वाचकाला निनावी वाटेल. तालुक्यातील वाचकाला ते नावच आहे. हानी होते ती मुंबईच्या वाचकाकडून नव्हे, तर तालुक्यातील वाचकाकडून. २००८ मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची फेसबुकवरील माहिती नावे वगळून संशोधनासाठी खुली करण्यात आली. वर्गाची संख्या आणि अभ्यासक्रमांची शीर्षके एवढ्यावरून ते महाविद्यालय कोणते हे थोड्याच दिवसांत ओळखले गेले. एवढ्या मोठ्या संस्थेच्या बाबतीत जे घडले ते पोडाच्या बाबतीत अधिक सहज घडेल.

तिसरी अडचण मराठी विभागांच्या अगदी दारातली आहे. प्रबंधाच्या शेवटी ‘निवेदकांची सूची’ जोडण्याची आपल्याकडे जुनी आणि चांगल्या हेतूची प्रथा आहे. नाव, वय, जात, गाव, व्यवसाय, आणि अलीकडे भ्रमणध्वनी क्रमांकही त्यात असतो. क्षेत्रकार्य खरोखर केले याचा तो पुरावा मानला जातो. ही प्रथा रुजली तेव्हा प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटात राहत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’ या संग्रहातून प्रबंध सर्वांसाठी खुले झाले. ज्ञानप्रसाराच्या दृष्टीने ही मोठीच उपलब्धी होय. परंतु कपाटातील परिशिष्ट त्याच वाटेने जगासमोर आले. ज्या वृद्ध स्त्रीने अंगणात बसून दोन गाणी सांगितली, तिने आपली जात, गाव व दूरध्वनी क्रमांक जगाला कळविण्यास संमती दिलेली नव्हती. म्हणजे ज्याने कधी जालावर संशोधन केले नाही, त्याचेही संशोधन आता जालावर आहे. हा प्रश्न केवळ तंत्रकुशल तरुण संशोधकांचा नाही. तो प्रत्येक मार्गदर्शकाचा आहे.

४. ध्वनी, मौन आणि लिपी

तांत्रिक अडचणींचा विचार सहसा ‘रेंज नसणे’ एवढ्यावर थांबतो. वस्तुतः अधिक गंभीर अडचणी रेंज असतानाच्या आहेत, कारण त्या दिसत नाहीत.

पहिली ध्वनीची. पारंपरिक दूरध्वनीयंत्रणा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पोहोचविते. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक व्यंजनांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेश आकाराने लहान व्हावेत म्हणून दाबलेले असतात. निवेदनाचा आशय समजण्यास हे पुरेसे आहे. उच्चाराच्या सूक्ष्म अभ्यासास नाही. वऱ्हाडीतील ‘ळ’चे स्थान, ‘ण’ आणि ‘न’ यांची अदलाबदल, कोलामीतील ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा भेद, असे प्रश्न अशा ध्वनिमुद्रणावर सोडवू नयेत. कोलामीचे एमेनो यांचे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्णन आजही आधारभूत मानले जाते, ते वर्धा परिसरात प्रत्यक्ष ऐकून केलेल्या नोंदींमुळे, हे येथे स्मरावे. दृक्‌श्राव्य संभाषणाच्या साधनांत तर पार्श्वभूमीचा आवाज आपोआप पुसण्याची सोय असते. यंत्राच्या दृष्टीने जात्याची घरघर हा गोंगाट आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तो ओवीचा ताल आहे. ही सोय बंद न करता घेतलेली जात्यावरची ओवी ही जात्याशिवायची ओवी होय.

दुसरी मौनाची. आत्मकथनात निवेदक जेथे थांबतो ती जागा अनेकदा सर्वांत अर्थपूर्ण असते. समोर बसलेल्या संशोधकाला ते मौन वाचता येते : पदर डोळ्यांना लागला, की नजर दाराकडे गेली, की शेजारीण येऊन बसली. दूरध्वनीवर मौन आले की संशोधक ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असे विचारतो. दुःखाने आलेला खंड आणि संपर्क तुटल्याने आलेला खंड यांत फरक करण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. आणि या एका प्रश्नाने ते निवेदन मोडते. लिप्यंतर करताना तर दोन्ही खंड सारख्याच तीन टिंबांनी दाखविले जातात. अशा जागी खंडाचे कारण अज्ञात असल्याची स्पष्ट नोंद करणे, हे प्रामाणिकपणाचे किमान लक्षण आहे. निवेदक रडू लागल्यास संशोधक दूर असतो, त्याला पाण्याचा पेलाही पुढे करता येत नाही. म्हणून ज्या विषयांत अशी शक्यता आहे त्यांची मुलाखत, गावातील विश्वासू व्यक्ती जवळ असल्याशिवाय, दूरस्थ पद्धतीने घेऊच नये.

तिसरी लिपीची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून स्थान असले तरी मराठीतील छपाई व टंकन दीर्घकाळ निरनिराळ्या खाजगी टंकांत होत राहिले. त्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो आणि शोधयंत्राला तो दिसतच नाही. आजची अडचण वेगळी, पण अधिक फसवी आहे. मोबाईलची कळफलकप्रणाली आणि आवाजावरून आपोआप लिप्यंतर करणारी साधने मुख्यत्वे प्रमाण मराठीवर घडविलेली असतात. वऱ्हाडीतील ‘मले’ हे रूप त्यांनी ‘मला’ असे ‘सुधारले’, ‘करून राहिला’च्या जागी ‘करत आहे’ घातले, ‘येजो’ गाळले, तर अभ्यासाचा विषयच नाहीसा होतो. लिप्यंतर वाचायला सुबक असेल. बोली मात्र त्यात नसेल. म्हणून यंत्राने केलेले लिप्यंतर मूळ ध्वनीशी शब्दागणिक ताडून पाहिल्याशिवाय प्रमाण मानू नये. शिवाय असे साधन वापरताना निवेदकाचा आवाज परक्या संस्थेच्या संगणकावर जातो, ही नैतिक बाबही विसरता येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री जालावर उपलब्ध आहे. मूळ ध्वनी आणि लिप्यंतर शेजारी ठेवण्याची त्यातील शिस्त विद्यार्थ्यांनी पाहण्याजोगी आहे.

चौथी अडचण टिकाऊपणाची. जालावरील सामग्री अमर आहे आणि क्षणभंगुरही आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य स्त्रीपुरुषांनी तेथे बोलीतून केलेली गाणी, नकला व संवाद यांचा संग्रह एकाएकी आवाक्याबाहेर गेला. ज्यांनी त्यावर अभ्यास आरंभला होता त्यांच्याकडे दुव्यांची यादी उरली. वस्तू उरली नाही. त्याउलट, निवेदकाने काढून टाकलेला मजकूर संशोधकाच्या मोबाईलमध्ये सुखरूप राहतो. निवेदकाने आपले शब्द मागे घेतले असतील तर ते संशोधकाने वापरावेत काय? येथे जतनाचा मोह आणि निवेदकाचा अधिकार समोरासमोर उभे राहतात, आणि निवेदकाचा अधिकारच श्रेष्ठ मानला पाहिजे.

५. कोण ऐकू येत नाही?

जालाश्रयी संशोधनात जे आवाज मिळतात त्यांची चर्चा होते. जे मिळत नाहीत त्यांची होत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. आंतरजाल कधीतरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, स्त्रियांचे सुमारे ३३ टक्के, आणि ग्रामीण स्त्रियांचे सुमारे २५ टक्के होते. हे प्रमाण त्यानंतर वाढले असले तरी क्रम बदललेला नाही. ओव्या ज्यांना सर्वाधिक येतात त्या वयस्क ग्रामीण स्त्रिया या माध्यमात सर्वांत कमी आहेत. तेव्हा समाजमाध्यमांवरून गोळा केलेल्या सामग्रीला ‘यवतमाळ जिल्ह्याचे लोकसाहित्य’ असे शीर्षक देणे अशास्त्रीय ठरते. ते ‘यवतमाळ जिल्ह्यातील समाजमाध्यम वापरणाऱ्यांचे लोकसाहित्य’ असते. तेही अभ्यासनीय आहे. पण शीर्षक खरे असावे. पुढे-पुढे पाठविल्या जाणाऱ्या मजकुराचा कर्ता सांगता येत नाही, आणि ख्यातनाम कवींच्या नावावर भलत्याच ओळी फिरत असतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदांची सवय असल्याने त्याला याचे भय वाटू नये. मात्र कोणत्या दिवशी, कोणत्या समूहात, कोणत्या रूपात पाठ मिळाला याची नोंद त्याने ठेवलीच पाहिजे.

६. कायदा आणि त्यापलीकडे

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. या अधिनियमात संशोधनासाठी, विहित मानकांच्या अधीन राहून, सवलत आहे. आणि व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीस तो लागू होत नाही. यावरून ‘मग आपल्याला बंधन नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण कायदा फार तर काय केल्यास शिक्षा होईल हे सांगतो. काय केल्यास विश्वास टिकेल हे सांगत नाही. वैद्यकीय संशोधनात प्रस्तावाची नैतिक छाननी जशी रुळली आहे तशी ती वाङ्मयीन संशोधनात रुळलेली नाही. मराठीच्या प्रबंधप्रस्तावात विषय, व्याप्ती व गृहीतके तपासली जातात. निवेदकांची काळजी कशी घेतली जाईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तो विचारण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मार्गदर्शकाने आणि विभागाने पुढील गोष्टींचा आग्रह धरला तरी पुष्कळ साधेल. प्रस्तावातच, कोणती सामग्री चावडीवरची, कोणती ओसरीवरची व कोणती माजघरातली, याचे वर्गीकरण द्यावे. नावाविषयीचा निर्णय निवेदकाकडून प्रत्येक निवेदनासाठी स्वतंत्रपणे, तोंडी व ध्वनिमुद्रित स्वरूपात घ्यावा आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी एकदा पुन्हा विचारावा. निवेदकांची पूर्ण सूची मोहोरबंद करून परीक्षकांपुरती विभागात ठेवावी. जालावर जाणाऱ्या प्रतीत केवळ संमती दिलेल्यांची नावे असावीत, आणि दूरध्वनी क्रमांक कोणाचेही नसावेत. ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्याच्या नेहमीच्या मोबाईलमध्ये न ठेवता वेगळ्या, कुलूपबंद साधनात ठेवावीत, कारण संदेशाचे वहन सुरक्षित असले तरी मोबाईलमधील प्रत आणि तिची आपोआप होणारी जालीय साठवण तितकी सुरक्षित नसते. दूरस्थ मुलाखतीपूर्वी किंवा नंतर एकदा तरी प्रत्यक्ष भेट व्हावी. आणि जे गोळा केले त्याची प्रत, निवेदकाला वापरता येईल अशा स्वरूपात, परत जावी. आदिवासी समूहांच्या माहितीविषयी २०१९ मध्ये मांडल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांतही सामूहिक लाभ आणि समूहाचा स्वतःच्या माहितीवरील अधिकार यांनाच प्राधान्य आहे. पोडावरची गाणी पोडावर ऐकता येत नसतील आणि परदेशातील विद्यापीठात ऐकता येत असतील, तर त्या संकलनाला जतन म्हणता येणार नाही.

गुणात्मक संशोधनाचे मूल्य त्यातील सामग्रीच्या विपुलतेवर अवलंबून नसते. ज्याने सांगितले त्याला, आपण सांगितले ते बरे केले, असे पुढेही वाटत राहिले पाहिजे. अंगणात बसून केलेल्या क्षेत्रकार्यात ही कसोटी आपोआप लागत असे, कारण संशोधकाला त्याच गावात पुन्हा जावे लागे आणि लोक त्याला विचारीत. जालावर ते विचारणारे कोणी समोर नसते. म्हणून ती कसोटी संशोधकाने आणि त्याच्या विभागाने स्वतःच स्वतःला लावून घेणे अगत्याचे आहे.